नळी क्रमांक ४१ नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
दख्खन मृदासंशोधन केंद्र,
हैदराबाद.

विषय : शुक्रवार, दि. १४ मार्च १९९७ रोजी जिवाणूंच्या सर्व नळ्या नष्ट करण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, दि. ३ मार्च. २) माझे इंग्रजीतील तीन अर्ज, उत्तर नाही.

माननीय महोदय,

मी नरहर भगवंतराव देगलूरकर, राहणार काचीगुडा, आपल्या केंद्रात एकोणीस वर्षे तांत्रिक अधिकारी आहे. माझे इंग्रजी अर्ज नव्या सल्लागारांच्या टेबलावर पडून आहेत. आपण औरंगाबादहून बदलून आलात, मराठी वाचता. सल्लागार वाचत नाहीत. हा अर्ज आपल्यालाच वाचावा लागावा, एवढ्यासाठी तो मराठीत करीत आहे.

१. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मातीत अडकून पडलेले. भुईमुगाला मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. मुळांभोवती राहणारे काही जिवाणू यावर आपल्यापुरता मार्ग काढतात. लोहाची टंचाई झाली की ते एक हिरवट-पिवळे द्रव्य बाहेर सोडतात. ते द्रव्य मातीतले लोह धरते तसा त्याचा तो रंग जातो, जिवाणू लोह आत ओढून घेतात, लागेल तेवढे वापरतात आणि उरलेले पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक कोठारांत साठवतात. थोडे पिकालाही मिळते. नळी क्र. ४१ मधला जिवाणू हे काम जितके चोख करतो तितके दुसऱ्या कोणी केलेले मी पाहिलेले नाही. १९८१ साली तो ज्या शेतात मिळाला, तिथे आता कारखाना आहे. दुसरा मिळणार नाही.

२. लोह मुबलक असले की हा जिवाणू ते द्रव्य करीतच नाही. आयते मिळत असताना खपायचे कशाला, हे आमच्या वरिष्ठांना समजायला जड जाऊ नये. म्हणून त्याची परीक्षा घ्यायची तर भांड्यात लोहाचा कण चालत नाही. आमचा सहायक अंबाजी सोळा वर्षे काचेची भांडी आम्लाने धुतो आहे. त्याच्या बोटांवरची कातडी गेली, पण कण राहिला नाही.

३. गेल्या वर्षी केंद्राने कुकटपल्लीच्या एका खासगी खत कंपनीशी करार केला. आता संशोधनाने स्वतःचे पोट स्वतः भरावे, असे वरून आले आहे. माझी तक्रार नाही. कंपनीने प्रात्यक्षिक ठेवले ते लोखंडी टाकीत, बोअरच्या तांबूस पाण्यात. मी नको म्हणालो. मला चहाकडे पाठवण्यात आले. अर्थातच रंग आला नाही. 'मालात दम नाही' असे म्हणून पाहुणे गेले, आणि माझे काम बनावट आहे काय हे तपासायला समिती बसली.

४. समितीने ताजा नमुना मागितला. दि. १२ फेब्रुवारीस मी नळी आवक शाखेत दिली. आतला द्रव कैरीच्या पन्ह्यासारखा स्वच्छ हिरवट-पिवळा होता. तेथील मुकुंदरावांनी पोचपावतीची चिठ्ठी नळीच्या कापसाच्या बोळ्याला टाचणीने टाचली. टाचणी गंजलेली होती. ती बोळ्यातून निसटून द्रवात पडली आणि नळी अकरा दिवस फायलींखाली राहिली. समितीपुढे आली तेव्हा द्रव पाण्यासारखा झाला होता. अहवालातील वाक्य जसेच्या तसे देतो : 'रंग आढळला नाही. एक टाचणी आढळली, ती भांडार शाखेस परत केली.'

मुकुंदरावांच्या मनात खोट नाही. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. मी विचारले तर म्हणाले, "देगलूरकर साब, बगैर पिनचा कागद पुढं जातच नै ना."

५. समितीने तोच जिवाणू नव्या द्रवात घालून एक दिवस वाट पाहिली, हे मान्य. पण अकरा दिवस टाचणीवर पोसलेल्याच्या कोठारात साठा असतो. तो सरेपर्यंत त्याला टंचाई जाणवतच नाही. हे मी समितीला तीनदा लिहून दिले. तेही टाचून ठेवले असावे.

६. शुक्रवारी सर्व नळ्या वाफेच्या दाबाखाली उकळून नष्ट करायच्या आहेत आणि खोली कंपनीच्या कार्यालयाला द्यायची आहे. ते वाफेचे भांडे सुरू करून नाशाच्या दाखल्यावर सही करायला अंबाजीला नेमले आहे. काल तो मला म्हणाला, "साब, मी हात नै लावलो तर माझी हाजिरी कापतील का?" महोदय, मला राग येतो, आणि त्याच्यासमोर लाज वाटते.

७. विनंती एवढीच. सोबतची नळी आपण स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहावी. ती हिरवट-पिवळी दिसली तर आदेश मागे घ्यावा. न दिसली तर मी बनावट ठरेन आणि शुक्रवारी दाखल्यावर अंबाजीच्या जागी मीच सही करीन. दुसरी नळी मला देता येणार नाही. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भंगारात गेले असून शेवटचे पाणी या नळीत संपले आहे.

आपला, अजून तरी नम्र,
न. भ. देगलूरकर
दि. १० मार्च १९९७

सोबत :
१) समितीच्या अहवालाची प्रत.
२) नळी क्र. ४१. चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधली आहे. कृपया टाचणी लावू नये.

(आवक शाखेचा शेरा)
आवक क्र. ११२७, दि. १० मार्च. सोबतपत्रे दोन, तपासली. दोरा नियमात बसत नसल्याने काढला. टाचणी लावून पुढे सादर. — मुकुंदराव