तपासणीच्या दिवशीची पाहुणी

२ फेब्रु., सोम.
संस्थेच्या मॅडमचा फोन. गुरुवारी केंद्राची तपासणी. शाळा सुटल्यावरचे सगळे वर्ग पाहणार, श्रेणी देणार. फॉर्म पाठवला : पाणी, संडास, हजेरी, एका ताईमागं मुलं किती, प्रत्येक मूल वाचतं का. आपली बावीस. एकवीस वाचतात. वैष्णवी नाही. चौथीत आहे, पण जोडाक्षर आलं की गप्प. आईबाप ऊसतोडीला गेलेले, मावशीकडं राहते. दर वर्षी अर्धी शाळा बुडते, तिचा काय दोष.

४ फेब्रु.
आज वैष्णवीला म्हटलं, "उद्या नको येऊ."
"सगळ्याइले सुट्टी हाय?"
"नाही. तुलेच."
काहून, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर...

५ फेब्रु.
तपासणी झाली. मुलांनी छान वाचलं. तपासायला आलेले सर खूश. तेवढ्यात खिडकीबाहेर वैष्णवी. तेल लावून वेण्या घातलेल्या, हातात पुस्तक. सरांनी विचारलं, ही कोण?
मी म्हटलं, "पाहुणी आहे सर. बाहेरगावची."
तिनं ऐकलं. वर्गानंही. एकवीस माना पुस्तकात.
सरांनी पुढच्या रकान्यात खूण केली. 'मुलांना इथं सुरक्षित वाटतं : होय.'


६ फेब्रु.
वै. आली नाही. राणी (तिच्या शेजारी बसते) : "ताई, वैष्णवी पाहुणी हाय का?"
पाढे म्हणायला लावले.

९ फेब्रु., सोम.
आजही नाही. शेवटी तिच्या घरी गेले. मावशी तूर पाखडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "वर्ग बंद झाला म्हन्ते पोरगी. काहून बंद केला बाई? तुमचं लय नाव घेते थे."
म्हणजे मी काय केलं, ते घरी सांगितलंच नाही तिनं. मला झाकलं. नऊ वर्षांची पोर.
दाराआड उभी होती. म्हटलं, "वैष्णवी, चुकलं माहं."
ती हळूच म्हणाली, "तपासनी झाली? आपून पास झालो का?"
आपून.
मावशींना खरं काय ते सांगितलं. सूप तसंच त्यांच्या हातात.

१० फेब्रु.
'अ' श्रेणी मिळाली. ग्रुपवर अभिनंदन, फुलांची चित्रं. मंगरूळपीरला सत्कार ठेवलाय. मोबाइल पालथा ठेवून दिला.

११ फेब्रु., बुध.
वै. आज पण नाही.
मुलांना समोर बसवून सांगितलं. वैष्णवी पाहुणी नाही, आपल्या वर्गातली आहे. तिला वाचता येत नाही, ते शिकवायचं काम माझं. सरांशी मी खोटं बोलले.
मग राणी : "मंग सरले सांगतलं का?"
"नाही अजून."
"कवा सांगता?"
सरांना पत्र लिहून झालंय. श्रेणी गेली, वर्ग बंद पडला, तर या बावीस जणांचं काय, ते कळत नाही. उद्या साडेनऊची गाडी आहे मंगरूळपीरला; सर तिथंच बसतात.