माझा हात सोडून

प्रिय आई,

तुझं वर्षश्राद्ध परवा झालं. काल बाबांनी तुझी सेंटची बाटली माझ्या हातात दिली. "हे तुले ठेवून गेली ती," एवढंच म्हणाले. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. म्हणून मीच लिहून राहिली.

बाबा स्टील प्लांटच्या ट्रेनिंगला रशियाला गेले होते, तेव्हा आणलेली बाटली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू अत्तराऐवजी प्रत्येकीच्या हातावर त्यातलाच एक थेंब लावायचीस. आपल्या गावच्या पावर हाउस भागातल्या बाजारातलं अत्तर दारातूनच ओरडायचं. तुझं सेंट मात्र हात नाकाशी नेल्याशिवाय कळायचं नाही.

"भाभीजी, खुशबू तो आ ही नहीं रही!" शेजारच्या भाभी म्हणायच्या.

तू हसायचीस. "थोडा रुकिए तो!"

आधी चुरगळलेल्या पानांचा कडवट वास, मग अर्ध्या तासानं रंधा मारलेल्या लाकडाचा. बाई गं, किती आवडायचा मला! तुझ्यासारखाच वाटायचा, कमी बोलणारा.

मग माझा नवरा गेला. मी तुझ्याकडे राहायला आले आणि त्या संक्रांतीला बायकांच्या रांगेत बसले. कुंकू लावणार नाहीस, हे माहीत होतं. पण सेंट? डावीकडच्या काकूंना लावलंस, मग उजवीकडच्या भाभींना. मधे मी हात पुढं करून बसले होते. तू पाहिलंस, आई. पाहिलंस आणि पुढं गेलीस!

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात आलीस. "आण हात. आता कोणी नाही पाहून राहिलं."

मी हात मागे घेतला. तुला वाटलं, रुसली पोरगी. अगं, पण लपून कावून? चोरी केली होती का मी?

लोकांनी टाकलं असतं तर तुझ्याकडे येऊन रडले असते. तूच टाकलंस, मग कोणाकडे जाणार होते? त्यानंतर इतकी वर्षं एका घरात राहिलो. तू एकदाही तो विषय काढला नाहीस. आणि आता बाटली देऊन मोकळी झालीस!

येत्या संक्रांतीला हळदीकुंकू मी करणार आहे. सवाष्ण असो, विधवा असो, जी दारात येईल तिला सेंट लावीन. बायका म्हणतीलच, "आईनं किती छान शिकवलं हिला!" तेव्हा तुझी लाज राखायला मी गप्प बसणार नाही. सांगेन, आईनं मला वगळलं होतं. एवढं वचन देते तुला.

तरीही तुझीच,
संगीता