बाबांच्या नावापुढे

माउंट नेबो, अलाबामा
१४ एप्रिल १९५८

लाडक्या अमोसला व्हर्लीनचे आशीर्वाद.

शिकागोतली थंडी सरली असेल. इकडे कापसाची पेरणी सुरू झालीय. माझे गुडघे दुखतात, पण चालतंय.

चर्चचा इतिहास लिहायचं ठरलंय. नव्वद वर्षांत आपल्या दफनभूमीत कोण कोण आलं, कशानं गेलं, सगळं टिपायचं. काम कुणाकडे, तर डीकन टॉलिव्हरकडे! बाबांचा ठावठिकाणा ज्यानं शेरीफला सांगितला असं अख्खं गाव म्हणतं, त्याच्याकडे. मी मुद्दाम मदतीला गेले. म्हटलं, बाबांच्या नावापुढे हा काय लिहितो ते बघू.

बऱ्याच कबरींवर दगड नाहीतच. खुणेला नुसत्या लाकडी खुंट्या, फुटक्या बश्या, शिंपले. म्हाताऱ्याला सगळ्यांची हकीकत पाठ. बाबांची कबर मात्र दर वेळी आधीच झाडलेली असायची. मला संशय आला. काल सकाळी लवकर गेले, तर हाच झाडत होता, टोपी काढून.

"मन खातंय वाटतं, डीकन?"

"खात असेल," तो म्हणाला. झाडणं थांबवलं नाही. मग वही उघडली. "इथं काय लिहू, व्हर्लीन?"

"खरं ते लिहा. तुम्हाला ठाऊक आहेच."

"आहे. त्या दिवशी मी कुंपणापलीकडे खेचर बांधत होतो. त्यांनी तुला विचारलं, ते मी ऐकलं."

अमोस, तू तेव्हा चार वर्षांचा होतास, मी नऊ. बाबा मतदार यादीत नाव घालायला गेले होते, म्हणून शेरीफची ती गोरी माणसं आली. एकजण गोड बोलला, "पोरी, बाप कुठंय? निरोप द्यायचाय." मी ओढ्याकडे बोट दाखवलं. तिथंच त्यांनी बाबांना गाठून मारलं.

हे मी कधीच विसरले नाही. टॉलिव्हर शेरीफच्या भावाच्या गिरणीत कामाला होता, तेवढ्यावरून लोकांनी त्याचं नाव घेतलं. मी गप्प बसले. तुलाही त्याचा द्वेष करायला मीच शिकवलं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"नऊ वर्षांच्या पोरीवर ढकलू? मी ऐकून घेऊ शकत होतो. तू नसतीस जगली." मग म्हणाले, "माझ्या बायकोला मात्र फार लागलं. तिच्या मयतीला चौघंच आले होते."

त्या चौघांत मी नव्हते.

मी वही ओढून घेतली आणि बाबांच्या नावापुढे माझ्या हातानं सगळं लिहिलं. रविवारी ते चर्चमध्ये वाचतील. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

मला उत्तर लिहू नकोस हवं तर. डीकनना मात्र लिही. त्यांचं वय झालंय.

तुला म्हणवत असेल तर, तुझीच बहीण,
व्हर्लीन