खाऱ्या मडक्यातली पानफुटी

आत्याबाई, आज सकाळी तुमच्या पानफुटीचं गाडगं बदललं. मुळं इतकी दाटली होती की झाड उपटून येईना, शेवटी गाडगंच फोडलं. जुनी माती झाडली, दोन कुजकी मुळं सुरीनं कापली, झाड घटकाभर सावलीत ठेवलं, मग नव्या कुंडीत लावलं आणि पाणी मात्र घातलं नाही. "लावल्या लावल्या पाणी नको गो घालू, ओल्या जखमेवर कोण पाणी ओततं?" हे तुमचंच बोलणं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. नंतर लेकीच्या पाटीवर तिच्याबरोबर गिरवत शिकले, म्हणून हे असं शाळेतल्यासारखं लिहितेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, सून मास्तरीण झाली, आता चुलीपुढं कोण बसायचं.

धाकटे भावजी बोटीवर खलाशी म्हणून निघाले तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. मी घरात येऊन चारच महिने झालेले. तुम्ही ओसरीवर बसून सुक्या जवळ्यातला कचरा निवडताय, रडत नाही, पण निवडलेला जवळा परत कचऱ्यात टाकताय. भावजींनी विहिरीजवळच्या पानफुटीचं एक जाड पान तोडून आणलं आणि ओसरीच्या कुडाच्या भिंतीत खोचून दिलं. म्हणाले, "आये, हिला माती नको, पाणी नको. भिंतीला लटकवली तरी फुटते. मी पण तसाच. कुठं पण टाक, मी फुटंन." तुम्ही म्हणालात, "लय शहाणा झालास." एवढंच. आगबोट गेल्यावर तुम्ही त्या पानाला हातही लावला नाही. पण महिन्याभरात पानाच्या कडेला चार इवले कोंब आले, तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. मला वाटलं, कुणाला काही झालं, मी भाकरी तव्यावर टाकून धावत आले. तुम्ही बोट दाखवून हसत होता. सासू हसते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ते कोंब तुम्ही करवंटीत लावलेत. भावजींची दोन कार्डं आली. तिसरं आलं नाही. त्यांच्या बोटीवरचा म्हसळ्याकडचा एक जण परत आला, तो सांगायला लागला की कुठल्याशा परक्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. तुम्ही त्याला चहा दिलात, ऐकून घेतलंत आणि तो गेल्यावर करवंटीजवळ जाऊन बसलात. त्यानंतर रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी झाडाकडं बघणं सुरू झालं. मी एकदा कौतुकानं तांब्याभर पाणी घातलं तर काय बोललात मला. "शेतावरची हायस म्हणून झाडावर चिखल करशील? तिला तहान लागू दे. तहान लागली की जीव धरते." मी मनात धुसफुसले. तळ्याकडं माझ्या बापाची भातखाचरं, आम्हाला का माती कळत नाही? आपण एकाच जातीची माणसं, पण तुमच्याकडं होडी, आमच्याकडं नांगर, आणि तुम्ही ते मला विसरू देत नव्हता.

त्याच रागात मी ते केलं. तुम्ही बोर्लीला बहिणीकडं, तिच्या सुनेच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेला होता. करवंटीतून मुळं बाहेर लोंबत होती. म्हटलं, येतील तोवर झाड अशा मोठ्या मडक्यात लावते की बघतच राहतील. परसात एक मडकं रिकामं पालथं पडलं होतं, खारे बांगडे भरायचं. मी ते राखेनं तीनदा घासलं, उन्हात वाळवलं, नाक लावून वास घेतला, वास गेला होता. बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, बांधावरची चांगली काळी माती आणली. माहेरी मडकं म्हणजे मडकं. आज धान्य, उद्या पाणी. वर्षानुवर्षं मीठ प्यालेलं मडकं कितीही धुतलं तरी आतलं मीठ सोडत नाही, हे होडीवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पाच-सहा दिवसांत मडक्याच्या अंगावर पिठासारखी पांढरी पूड फुटली. मला वाटलं, चुना असेल. मग पानांच्या कडा जळाल्या, मग देठ काळा पडून मऊ झाला. शेवटी मी पानं काढून भिंतीला खोचली, भावजींनी खोचलं होतं तशीच. ती पण सडली. एकही फुटलं नाही.

आत्याबाई, त्या दिवशी मी ज्या भीतीनं बसले होते ती तुमच्या बोलण्याची नव्हती. झाड मेलेलं बघून तुम्ही काय समजाल त्याची होती. विहिरीजवळची जुनी पानफुटी विहीर बांधून काढताना केव्हाच गेली होती. म्हणून मी गल्लीच्या टोकाच्या चाचीकडं गेले, ती मुलांच्या फोडांना पानफुटी ठेचून लावायची. काही न विचारता तिनं अख्खं झाड उपटून दिलं. "ने गो, माझ्याकडं गवतासारखी वाढलीय." मी ते दह्याच्या गाडग्यात लावलं. मेलेलं झाड परसात पुरलं आणि खारं मडकं लाकडांच्या मागं सारलं.

तुम्ही आलात. डोक्यावरचं बोचकं तसंच ठेवून आधी झाडाजवळ गेलात. बराच वेळ बघितलंत. मी दारात उभी, भाकरीचं पीठ हाताला चिकटून वाळलं. तुम्ही म्हणालात, "मुळं कोंडली होती बिचारीची. बरं केलंस." आणि मग दिवसभर येईल त्या बाईला सांगत सुटलात, माझ्या सुनेचा हात मातीला लागलेला हाय, आमचं काम न्हाय ते. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी तेव्हाच बोलले असते. त्या कौतुकानं माझं तोंड बंद केलं ते केलंच. पावसाच्या तोंडावर लाकडं हलवताना तुम्हाला ते भोक पडलेलं मडकं सापडलं. तुम्ही त्यातून बोट आरपार घातलंत, माझ्याकडं पाहिलंत आणि मडकं कुंपणाच्या खुंटावर उपडं घातलंत. तुम्हाला कळलं होतं का? हजार वेळा मी स्वतःला विचारलंय. कळलं असेल तर तुम्ही फार मोठ्या मनाच्या, आणि नसेल तर मी फार वाईट. मला अजून ठरवता येत नाही.

कारण पुढं तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात. तापानं अंथरुणाला खिळलात, गाडगं उशाशी आणायला लावलंत, पान दोन बोटांत धरून म्हणालात, "बारा वर्सं झाली की लोक येतील सांगायला, दर्भाचा पुतळा कर, जाळ, दिवस घाल. झाड हिरवं हाय तोवर माझ्या पोराला जाळू देऊ नको. शब्द दे." मी दिला, तुमचे थोरले लेक दारातून ऐकत होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं की ज्या झाडावर तुम्ही हात ठेवलाय ते भावजींचं नाही, चाचीच्या परसातलं आहे. नाही सांगितलं. तुम्ही झोपल्यासारख्या गेलात आणि मी त्या झाडापुढं बसून तुमच्यासाठी रडले, तेवढीच माझ्यासाठी पण.

आता भावजींना जाऊन बारा वर्षं उलटून गेली. भटजी दोनदा येऊन गेले. पण मला भटजींचं काही नाही वाटत. तुमच्या थोरल्या लेकाचं वाटतं. परवा जाळं शिवता शिवता म्हणाले, "मला एकदा त्याच्यासाठी रडायचं हाय. मेला म्हणावं तर पाप, हाय म्हणावं तर कुठं हाय? मधीच लोंबकळतोय मी." सुई तशीच हातात. त्यांचे केस पांढरे झालेत, आत्याबाई, तुम्ही ओळखणार नाही. त्या क्षणी मी ठरवलं की सांगून टाकायचं. झाड तेव्हाच मेलं, माझ्या हातानं मेलं, मिठानं मेलं, मी दिलेला शब्द पहिल्यापासून पोकळ होता. करा पुतळा, रडा पोटभर. आज सकाळी गाडगं फोडताना हेच वाक्य मनात घोळवत होते.

ते मागून आले. हात पुसत उभे राहिले. झाड माझ्या मांडीवर, मुळं उघडी. "भटजी अमावास्येचं म्हणतायत," ते म्हणाले. "काय सांगू? झाड कसं हाय?" मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हिरवं हाय. ह्या वर्षी नको." त्यांनी मान हलवली, टोपली उचलली आणि होडीकडं गेले. रागावले नाहीत. पाठमोरे जाताना जरा ताठ चालले, असं मला वाटलं. कदाचित तसं मला बघायचं होतं.

हे मी तुमच्या शब्दासाठी केलं नाही, आणि पकडली जाईन म्हणूनही नाही. हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून एवढं लिहिते. झाड कुणाचं आहे हे या जगात मला एकटीला माहीत आहे. तरी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी त्याच्याकडं बघते, आणि बंदरात आगबोटीचा भोंगा झाला की हातातलं टाकून दारात जाऊन उभी राहते.