तिसऱ्या खळग्यातलं डिझेल

४ नोव्हें., मंगळ.
गॅरेजात नंदूकाकांच्या केळीच्या टेम्पोच्या इंजिनाचं हेड उतरवलं. वॉल्व्ह गळतात, चढाला दम नाही. काकांच्या मनात बाजारातलं नवं हेड. बाबांचं नेहमीचंच : "मूळ ओतकाम आहे नंदू, तसलं लोखंड आता मिळायचं नाही. घासून देतो."
"घास बाबा. पण रस्त्यात बसला तर घड तुझ्या खांद्यावर."
वॉल्व्हना खडूने नंबर घातले. अंक मी यांवरच शिकले, बालवाडीच्या आधी. ज्याचा वॉल्व्ह त्याच्याच सीटवर.

५, बुध.
बाबा दिवसभर हाताने वॉल्व्ह घासत होते. हल्ली कप उचलताना हात थरथरतो. घासताना नाही. की मी बघत नाही?
डिझेल फवारणारे नोझल मी साफ करून हेडच्या भोकांत बसवले. संध्याकाळी हेड फळीवर उलटं ठेवून वॉल्व्हवरच्या खळग्यांत डिझेल ओतलं. (रॉकेल आता कुठे मिळतं.) सकाळपर्यंत उतरलं नाही तर काम पास.

६, गुरु.
शटर मीच उघडलं. तिसरा खळगा रिकामा. खाली फळीवर डाग.
बाबा अंघोळीला होते. मी खळगा परत भरला, फळी पुसली. त्यांच्या मनाला लागेल म्हणून. ते आले, वाकून बघितलं, हेडवर थाप मारली. "बघ. थेंब नाही गेला."
मग मागे जाऊन काकांना फोन. "काका, नवंच आणा. बाबांचा हात पूर्वीचा नाही राहिला."
"बरं केलंस गो, सांगितलंस."
बरं?

७, शुक्र.
काका विरारहून नोझलसकट नवं हेड घेऊन आले. बाबांना म्हणाले, "पोरगा ऐकत नाही रे माझा, नवंच म्हणतो." माझं नाव नाही घेतलं. माझ्यासाठी खोटं बोलले.
बाबांनी नवंही नीट बसवलं. जुन्याला तेल लावून गोणपाटात बांधलं. "नंदूचंच आहे. नवं दगा देईल तेव्हा येईल."

९, रवि.
बाबा लग्नाला गेले. जुन्या हेडचं गोणपाट सोडलं. तिसऱ्या नोझलखाली गळती अडवणारा तांब्याचा वायसर नाही. पार्ट धुण्याच्या डब्यात तळाशी सापडला. नोझल मी बसवलेले. डाग नोझलच्याच भोकाखाली होता, आता आठवतंय. वॉल्व्हकडची फळी कोरडी होती. पुसायची एवढी घाई, की पाहिलंच नाही.
वायसर घालून परत डिझेल ओतलं.

१०, सोम.
बाबांच्या आधी बघून आले. सगळे खळगे काठोकाठ. ओतून टाकलं, परत बांधून ठेवलं.

१२, बुध.
आगाशी बाजारात फुलांचा टेम्पोवाला : "काय गो, बापाचे हात थरथरतात म्हणे? आता नवी हेडंच विका, बोर्ड बदला!" मी हसले. हसले कशी.

१४, शुक्र.
काकांना गाठून सगळं सांगितलं. वायसर, फळी, सगळं.
काकांनी टेम्पोचं फाळकं लावलं. मग, "बाजारात मी बोललो ते मी निस्तरीन. फळी पुसलीस ते बापाला कोण सांगणार? मी?"
घरी चहाच्या वेळी बाबा : "माझ्या हाताचं काही दिसतं का ग तुला?"
म्हटलं, चहा गार होतोय.

१५, शनि.
बोळिंजच्या एका गाडीचं हेड आलंय. वॉल्व्ह बाबांनीच घासले, नेहमीपेक्षा हळू. मी नोझल बसवले, वायसर पुन्हा पुन्हा चाचपून. डिझेल ओतताना आज सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलंही.
बाबा फडक्याला हात पुसत म्हणाले, "उद्या शटर मी उघडतो."
एवढंच. माझ्याकडे न बघता.