दोन ‘इन’

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डब्यावरचा किंवा बाटलीवरचा इंग्रजी शब्द वाचताना मी अजून मध्येच थांबते. वाशीचा तुमचा नवा फ्लॅट आठवतो. तुम्ही पोळ्या लाटताय, आणि पावणे गावाहून तुमच्याकडे शिकवणीला चालत आलेली मी पाटावर बसून शब्दांचे अर्थ लिहितेय. ‘इन’ म्हणजे ‘नाही’, एवढं मी पाठ केलेलं, म्हणून ‘इन्हेल’पुढे लिहिलं, श्वास न घेणे. तुम्ही लाटणं आपटलंत. “अगं, मरशील की! लॅटिनमधून दोन ‘इन’ आलेत. एक ‘नाही’चा, एक ‘आत’चा. दिसायला सारखेच. माहीत नसेल तर विचार, ठोकून देऊ नकोस.” मला रडूच फुटलं होतं.

तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्या वर्षी मी आमच्या गावच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरला लागले. एका सकाळी नवे ड्रम आले. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, इनफ्लेमेबल. शेजारच्या रॅकचा पाय तुटला होता, तो जोडायला वेल्डर मशीन लावून बसलेला. मी म्हटलं, “आधी ड्रम हलवा ना.” सुपरवायझर हसले. “ताई, टेन्शन नका घेऊ. फ्लेम म्हणजे ज्वाळा, इन म्हणजे नाय. इनकम्प्लीट, इनव्हिजिबल, तसंच. न जळणारं हाय ते.”

ऐकायला किती बरोबर वाटत होतं! मी त्या शब्दाकडे बघतेय आणि तो काहीच सांगत नाही. वेल्डरने काळी काच तोंडापुढे धरली. मी जाऊन मशीनचा स्विच बंद केला आणि त्याच्यापुढे उभी राहिले. “रॅक बाहेर न्या. नायतर मला कामावरून काढा.” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

रॅक बाहेर गेला, आणि दुपारी वाद मिटवायला कारखान्याचे केमिस्ट आले. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी ड्रममधलं मगभर ओतलं आणि लांबून पेटता बोळा फेकला. ज्वाळा माणसाएवढी उठली. वेल्डर होता तिथेच खाली बसला. सुपरवायझर पाणी प्यायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. केमिस्ट मला म्हणाले, “इनफ्लेम म्हणजे पेटवणे. बरं झालं, तुम्हाला माहीत होतं.” मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

बाई, हे पत्र कुठे धाडणार? पण तुमच्यापाशी तरी खरं लिहिते. तो ‘इन’ कुठला, हे मला कळलंच नव्हतं. मी नुसती घाबरले होते.