कोणाची ईश्वरी

आखन, १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काकांस,
ईश्वरीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

हो, तीर्थरूपच! ते आईवडिलांना लिहायचं, काकांना तीर्थस्वरूप, म्हणून शाळेत बाईंनी गुण कापले होते, तरी मी बधले नव्हते. मी दोन वर्षांची असताना बाबा गेले. वाढवलंत तुम्ही.

परवा कॅनडाहून परतले. थंडीनं नाक गळून पडायचं तेवढं बाकी होतं. पण काका, काय माणसं आहेत! हे अकेडियन म्हणजे मूळचे फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांची घरं जाळली, त्यांना जहाजांत कोंबलं आणि कुठच्या कुठे नेऊन टाकलं. काही जण परतले, त्यांच्या वंशजांत मी माझ्या प्रबंधासाठी महिनाभर राहिले. गावात निम्म्यांचं आडनाव एकच, म्हणून माणसाला बापाच्या नि आज्याच्या नावानं ओळखतात. शहाऐंशी वर्षांच्या आडेल आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, तू कोणाची? मी तुमचंच नाव सांगितलं, शिरीषची. तेव्हापासून मी गावभर 'ईश्वरी आ शिरीष', म्हणजे शिरीषची ईश्वरी!

आता कामाचं. आजींच्या एका पूर्वजानं जंगलात लपलेले शेजारी इंग्रज सैनिकांना दाखवून दिले होते. घरात पूर्वजांची नावं म्हणताना त्याचं नाव गाळतात. त्या शेजाऱ्यांच्या वंशातली रोझ ही आजींची जिवलग मैत्रीण, चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसतात. आपण जिवंत असेपर्यंत ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, असं आजींनी माझ्याकडून वचन घेतलंय. आजींचं सगळं बोलणं मी रेकॉर्ड केलंय, ते ऐकून उतरवून काढायचंय, आणि स्ट्रासबुर्गच्या कारखान्यात सहा वर्षं मुरलेलं तुमचं फ्रेंच माझ्यापेक्षा पक्कं. आजींना विचारलं, तर शिरीषला ऐकवलंस तर चालेल म्हणाल्या. कराल ना?

काकूला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहो.
तुमची ईश्वरी

ब्राउनश्वाइग, ९ मार्च

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

आल्झो, तर मग, अडतीस पानं झाली! दिवसभर हेडफोन लावून बसतो, तर तुझी लताकाकू मला बहिरा समजून ओरडून चहा विचारते. आजींचं फ्रेंच म्हणजे दिव्य, एकेक वाक्य पाच-पाचदा ऐकावं लागतं. जंगलाच्या गोष्टीपाशी मात्र डोळ्यांत पाणी आलं गं.

आणखी एक बातमी. पाडव्याला इथल्या मराठी मंडळात चक्क माझं भाषण ठेवलंय! एरवी खुर्च्या मांडायला तेवढी माझी आठवण होते. विषय अजून गुलदस्त्यात.

जेवणाची आबाळ करू नकोस. कागद सोबत पाठवतोय.
तुझा काका

आखन, १४ एप्रिल

काका,
नमस्कार.

आजींच्या नातीनं आज मला तुमच्या भाषणाचा यूट्यूबवरचा व्हिडिओ पाठवला. नावातच आजींचं पूर्ण नाव आणि गाव घातलंय, तिला तो सापडायला कितीसा वेळ लागणार? खाली इंग्रजी सबटायटल्स आपोआप येतात. तुम्ही आजींचा आवाज ऐकवलात. जंगलाची गोष्ट सांगितलीत. आणि वर म्हणालात, हे माझं संशोधन. माझं नाव एकदाही नाही.

आजींनी सगळी रेकॉर्डिंग्ज परत मागितली आहेत. प्रबंधाचं तीन वर्षांचं काम गेलं, त्याचं रडू नंतर येईल. मी त्या बाईला शब्द दिला होता हो! असं का केलंत, एवढंच कळवा.

ईश्वरी

ब्राउनश्वाइग, २२ एप्रिल

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

व्हिडिओ काढून टाकला. तुझी काकू माझ्याशी बोलत नाही.

काय सांगू? समोर आपलीच तीस-चाळीस माणसं, भाषण मराठीत. तिकडे कॅनडात कोण ऐकणार, असं वाटलं. तुझं नाव कागदावर होतं, खरंच होतं. पण सगळे पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर गिअरबॉक्स जुळवले, त्याचं कधी कोणाला कौतुक वाटलं नाही. तोंडातून 'माझं' निघून गेलं, आणि मग ते मागे घ्यावंसं वाटलं नाही.

आपलं घरातलंच आहे गं, पोटात घाल. आजींना माफीचं पत्र लिहू का? फ्रेंचमध्ये लिहीन.

पत्राची वाट पाहतो.
तुझा काका

आखन, ५ मे

तीर्थस्वरूप काकांस,
नमस्कार वि. वि.

आजींना पत्र लिहू नका. त्यांना आता तुमचं फ्रेंच नको असेल.

त्यांचं कार्ड आलंय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रोझ हल्ली मागच्या बाकावर बसते, एवढंच कळवलंय. आणि शेवटी विचारलंय, यापुढे तुला कोणाची म्हणू?

चार दिवस ते कार्ड टेबलावर होतं. तापात तुम्ही माझ्या उशाशी बसायचात, सायकल धरून मागे पळायचात, सगळं आठवलं. राग त्याचाच येतो. परक्यानं केलं असतं तर एव्हाना विसरले असते. काल उत्तर टाकलं. ज्या बाबांचा चेहराही मला आठवत नाही, त्यांचं नाव लिहिलं.

काकूला सांगा, ती मला हवी आहे. तब्येतीला जपा.

ईश्वरी जयंत